पेशीच्या वेशीवर

जालना जिल्ह्याची ओळख मोसंबीइतकीच बियाण्यांमुळे आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला बी निरोगी की किडके, माती त्याला मानवेल की नाही, हे वेगळे शिकवावे लागत नाही. कर्करोगाच्या संशोधनाच्या इतिहासातही बियांना मोठे स्थान आहे, ही गोष्ट मात्र शाळेत क्वचितच सांगितली जाते. एरंडी, गव्हाचा अंकुर, राजमा आणि भुईमूग यांच्यातल्या काही प्रथिनांनी शास्त्रज्ञांना एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. कर्करोगाची पेशी आतून बदललेली असतेच, पण तिचा बाहेरचा पृष्ठभागही बदललेला असतो. आज मुंबईत तयार होणाऱ्या काही अत्याधुनिक उपचारांचा पाया याच पृष्ठभागाच्या अभ्यासात आहे. शंभराहून अधिक वर्षांचा हा प्रवास सरळ रेषेतला नाही. त्यात चुकीची अनुमाने आहेत, फसलेली औषधे आहेत, आणि म्हणूनच विज्ञान कसे पुढे जाते हे वर्गात सांगायला तो उपयोगी आहे.

वेस म्हणजे काय?

जुन्या गावाला तटबंदी असे आणि तिला वेस असे. गावात कोण येणार, बाहेर कोण जाणार, निरोप कोणाकडे पोचवायचा, हे वेशीवर ठरे. पेशीपटलाचे काम थोडेफार असेच आहे. पाठ्यपुस्तकात ज्याला आपण प्रद्रव्यपटल म्हणतो ते साधारण ७ ते ८ नॅनोमीटर जाडीचे असते, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. त्याचा मूळ थर मेदद्रव्याचा असतो आणि त्या थरात ठिकठिकाणी प्रथिने रुतलेली असतात.

या प्रथिनांची कामे वेगवेगळी. काही प्रथिने बाहेरून आलेला रासायनिक निरोप पकडतात, त्यांना ग्राही म्हणतात. काही शेजारच्या पेशीचा हात धरून ठेवतात. काही प्रथिने स्वतःच विकरे, म्हणजे एन्झाइम असतात आणि पेशीच्या बाहेरच्या अंगाला रासायनिक क्रिया घडवून आणतात. यांतल्या बहुतेक प्रथिनांवर शर्करांच्या लहानमोठ्या साखळ्या जोडलेल्या असतात. एखाद्या शेतात कणसे डुलावीत तशा या साखळ्या पेशीच्या बाहेर डोकावतात. आपला रक्तगट अ आहे की ब, हे तांबड्या पेशींवरच्या अशाच साखळीच्या टोकाला कोणती शर्करा आहे यावर ठरते. हे एक उदाहरण दिले तरी पृष्ठभागावरचा छोटासा फरक किती मोठा परिणाम घडवतो हे विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल.

बी आणि माती

कर्करोगाची गाठ एका जागी असते तोवर शस्त्रक्रियेने ती काढता येते. रोग जीवघेणा होतो तो मुख्यतः तिच्यातल्या पेशी सुटून दूरच्या अवयवांत रुजतात तेव्हा. या पेशी कुठे रुजतील हे केवळ रक्ताच्या प्रवाहावर ठरते काय? लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली हा प्रश्न विचारला. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. यकृतात दुय्यम गाठी पुष्कळ आढळल्या, प्लीहेत मात्र फार थोड्या, जरी प्लीहेलाही भरपूर रक्तपुरवठा होतो. पॅजेट यांनी शेतीतली उपमा वापरली. झाडाचे बी सर्व दिशांना उडते, पण ते उगवते ते योग्य मातीतच. तसेच कर्कपेशी सगळीकडे जातात, पण रुजतात ठरावीक अवयवांत.

उपमा सुंदर होती, परंतु बी माती कशी ओळखते याचे उत्तर पॅजेट यांच्याजवळ नव्हते. त्या काळी ते मिळणेही शक्य नव्हते, कारण पेशीचा पृष्ठभाग वाचण्याचे साधनच उपलब्ध नव्हते. गंमत अशी की ते साधन मिळण्याची सुरुवात त्याच सुमारास, खऱ्याखुऱ्या बियांतून झाली होती.

बियांतली चिकट प्रथिने

१८८८ साली डॉर्पाट (आजचे एस्टोनियातील तार्तू) येथे हर्मान स्टिलमार्क हा विद्यार्थी डॉक्टरेटसाठी एरंडीच्या विषारीपणाचा अभ्यास करीत होता. एरंडीच्या अर्काने तांबड्या रक्तपेशी एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात असे त्याला आढळले. पुढे गुंजेच्या बियांतही असेच प्रथिन सापडले. आपल्या अबईच्या वर्गातल्या जॅक बीन या शेंगेतून जेम्स सम्नर यांनी १९१९ साली कॉनकॅनॅव्हॅलिन-ए हे प्रथिन वेगळे काढले. १९३६ साली त्यांनीच दाखवले की हे प्रथिन पेशींच्या गुठळ्या करते, पण मिश्रणात शर्करा घातली की ही क्रिया थांबते. याचा अर्थ हे प्रथिन पेशीवरच्या शर्करेलाच धरत होते. मोकळी शर्करा मिळाली की ते तिला धरून बसते आणि पेशी सुटतात. अशा प्रथिनांना विल्यम बॉइड यांनी १९५४ साली लेक्टिन हे नाव दिले. निवडणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते आले आहे. प्रत्येक लेक्टिन विशिष्ट शर्करेचीच निवड करते आणि त्याला पकडण्याच्या दोन किंवा अधिक जागा असल्यामुळे ते दोन पेशींना एकत्र बांधू शकते.

कर्करोगाशी या प्रथिनांची गाठ पडली ती अपघाताने. बॉस्टन येथे जोसेफ ऑब आणि त्यांचे सहकारी पेशीच्या पृष्ठभागावर निरनिराळी विकरे टाकून सामान्य पेशी आणि कर्कपेशी यांच्या वागण्यात फरक पडतो का ते पाहत होते. गव्हाच्या अंकुरातून काढलेल्या लायपेज या विकराच्या एका नमुन्याने कर्कपेशींच्या गुठळ्या झाल्या, सामान्य पेशींच्या मात्र झाल्या नाहीत. लायपेज मेदाचे विघटन करते, तेव्हा कर्कपेशींच्या मेदथरात काही वेगळेपण असावे असे वाटणे साहजिक होते. पण तो नमुना तापवून विकर निकामी केल्यावरही गुठळ्या होतच राहिल्या! करामत लायपेजची नव्हती, त्यात भेसळ म्हणून आलेल्या दुसऱ्याच प्रथिनाची होती. १९६३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १९६७ साली प्रिन्स्टनमध्ये मॅक्स बर्गर यांनी ते प्रथिन शुद्ध केले. गव्हाच्या अंकुरातले ते लेक्टिन होते.

यानंतर बर्गर यांना आणखी एक विलक्षण गोष्ट आढळली. सामान्य पेशींवर प्रथिने तोडणारे विकर थोड्या प्रमाणात टाकले की त्याही कर्कपेशींप्रमाणे गुठळ्या करू लागत. यावरून त्यांनी अनुमान काढले की लेक्टिन जिथे चिकटते त्या जागा सामान्य पेशीतही असतात, पण झाकलेल्या. कर्कपेशीत त्या उघड्या पडतात.

हे अनुमान पटण्याजोगे होते, पण ते टिकले नाही. १९७१ साली किरणोत्सारी खूण लावलेले लेक्टिन वापरून ते किती चिकटते याचे मोजमाप झाले, तेव्हा सामान्य पेशी आणि कर्कपेशी दोघीही जवळपास सारखेच लेक्टिन धरतात असे निघाले. मग गुठळ्या एकीच्याच का व्हाव्यात? याचे उत्तर शोधताना पेशीपटलाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. १९७२ साली जोनाथन सिंगर आणि गार्थ निकोलसन यांनी द्रव-चित्रोपल प्रतिमान मांडले. पेशीपटल ही घट्ट भिंत नसून मेदाच्या पातळ थरात प्रथिने तरंगत असतात, असे त्यांनी सांगितले. कर्कपेशीत ही प्रथिने अधिक सहजपणे सरकून एका ठिकाणी गोळा होऊ शकतात आणि म्हणून लेक्टिनला दोन पेशी घट्ट बांधता येतात. फरक जागांच्या संख्येत नव्हता, त्यांच्या हालचालीत होता.

आज अकरावी-बारावीच्या पुस्तकात द्रव-चित्रोपल प्रतिमानाची आकृती असते. तिच्या मागे एका चुकीच्या अनुमानाचा हातभार आहे, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

कुंपण कुरतडणारी विकरे

बर्गर यांच्या प्रयोगातून आणखी एक प्रश्न शिल्लक राहिला होता. प्रथिने तोडणारे विकर बाहेरून टाकले की सामान्य पेशी कर्कपेशीसारखी वागते. मग कर्कपेशी असे विकर स्वतःच तयार करीत असेल का?

याची चाहूल फार पूर्वी लागली होती. डॅनिश शास्त्रज्ञ आल्बर्ट फिशर यांनी १९२५ साली पाहिले होते की कोंबडीच्या कर्कगाठीचा तुकडा गोठलेल्या रक्तद्रवावर वाढवला तर तो भोवतालची गुठळी विरघळवतो, सामान्य ऊती तसे करीत नाही. १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड राइक आणि सहकाऱ्यांनी यामागची यंत्रणा दाखवली. कर्कपेशी एक विकर तयार करतात. ते रक्तातल्या प्लाझ्मिनोजेन या निष्क्रिय प्रथिनाला जागे करते आणि त्यापासून बनलेले प्लाझ्मिन गुठळी तोडते. त्याच वर्षी रिचर्ड हाइन्स आणि इतरांना आढळले की सामान्य पेशींच्या पृष्ठभागावर असणारे एक मोठे प्रथिन कर्कपेशींवर जवळजवळ दिसत नाही. पेशीला भोवतालच्या जाळ्याशी बांधून ठेवणारे हे प्रथिन आज फायब्रोनेक्टिन म्हणून ओळखले जाते.

आपल्या अवयवांत पेशींच्या भोवती कोलॅजेन आणि इतर प्रथिनांचे जाळे असते. शेताच्या बांधासारखे ते पेशींना आपापल्या जागी ठेवते. हा बांध तोडणाऱ्या विकराचा शोध कर्करोगात नव्हे, बेडकाच्या पिल्लात लागला. टॅडपोलचे शेपूट गळून जाते तेव्हा त्यातले कोलॅजेन जाते कुठे, या प्रश्नातून जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांनी १९६२ साली कोलॅजेन तोडणारे विकर शोधले. अशा विकरांचे मोठे कुटुंब पुढे उजेडात आले. त्यांच्या क्रियेसाठी जस्ताचा अणू लागतो. १९९४ साली जपानमध्ये हिरोशी सातो, मोतोहारू सेइकी आणि सहकाऱ्यांना या कुटुंबातले एक वेगळेच विकर सापडले. इतर विकरे पेशीबाहेर सोडली जातात, हे मात्र पेशीपटलात पक्के रोवलेले असते. विळा हातातून न सोडता कापणी करावी, तशी पेशी नेमके समोरचे जाळे कापत वाट काढते.

हे समजल्यावर औषध हाती आल्यासारखेच वाटले. ही विकरे बंद केली की रोग पसरणार नाही, असा सरळ तर्क होता. १९९०च्या दशकात मारिमास्टॅटसारखी अनेक औषधे रुग्णांवर तपासली गेली आणि जवळजवळ सर्व अपयशी ठरली. कारणे नंतर उलगडत गेली. रोग पसरून गेलेल्या रुग्णांना ती दिली गेली, म्हणजे कुंपण मोडून गेल्यावर राखण सुरू झाली. शिवाय ती एकाच वेळी कुटुंबातली अनेक विकरे बंद करीत. त्यांपैकी काही विकरे शरीराच्या नेहमीच्या डागडुजीला लागतात, तर काही चक्क कर्करोगाला आवर घालतात. रुग्णांना सांधेदुखीचा त्रास झाला तो वेगळाच. एखादे प्रथिन रोगात वाढलेले दिसले म्हणून ते बंद केल्यास रोग बरा होईलच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

बंद न होणारी घंटा

पृष्ठभागावरच्या प्रथिनांचा दुसरा धागा वाढीच्या निरोपांचा आहे. अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन उंदराच्या लाळग्रंथीच्या अर्कावर काम करीत होते. हा अर्क नवजात पिलांना टोचला की त्यांचे डोळे नेहमीपेक्षा काही दिवस आधीच उघडत. १९६२ साली त्यांनी त्यामागचे छोटे प्रथिन शुद्ध करून त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. बाह्यत्वचेच्या पेशींना वाढण्याचा निरोप देणारे हे प्रथिन. तो निरोप घेणारा ग्राही पेशीपटलाच्या आरपार असतो. त्याचे बाहेरचे टोक निरोप पकडते आणि आतले टोक विकराचे काम करते, हे १९८० साली स्पष्ट झाले. वेशीवर कोणी घंटा वाजवावी आणि गावात लगबग सुरू व्हावी, तसे हे आहे. कोहेन यांना १९८६ साली रीटा लेव्ही-मोन्तालचिनी यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

१९८४ साली कोंबड्यांत कर्करोग निर्माण करणाऱ्या एका विषाणूचे जनुक याच ग्राहीच्या जनुकाशी जुळले. विषाणूच्या आवृत्तीत ग्राहीचा बाहेरचा भाग बहुतांशी गायब होता. निरोप आला नसतानाही आतले विकर चालूच राहत होते. घंटा कोणी वाजवीत नव्हते, पण ती थांबतही नव्हती.

याच कुटुंबातला दुसरा ग्राही म्हणजे हर-२. १९८७ साली डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की स्तनाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत या ग्राहीच्या जनुकाच्या अनेक प्रती तयार झालेल्या असतात आणि अशा रुग्णांचा रोग अधिक वेगाने उलटतो. या ग्राहीला चिकटणारे प्रतिपिंड, ट्रास्टुझुमॅब, अमेरिकेत १९९८ साली औषध म्हणून मान्य झाले. औषधाची किंमत मात्र भारतातल्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर होती. बेंगळुरूच्या बायोकॉनने तयार केलेल्या त्याच्या समधर्मी औषधाला भारतात २०१३ साली आणि अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली.

मुंबईतली प्रयोगशाळा

महाराष्ट्रात या विद्येची बैठक घातली ती परळच्या परिसरात. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकाराने १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. मूळच्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे, तंत्र आत्मसात केले आणि मुंबईत परतून त्याची प्रयोगशाळा उभारली. पेशीच्या पृष्ठभागाचा अभ्यास करायचा तर जिवंत पेशी काचेच्या बशीत वाढवता आल्याच पाहिजेत, त्यामुळे या पायाभूत कामाचे महत्त्व मोठे आहे. रणदिवे यांना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. या केंद्राचा पुढचा अवतार म्हणजे नवी मुंबईत खारघर येथील ॲक्ट्रेक ही टाटा स्मारक केंद्राची संशोधनसंस्था.

खारघरमध्येच पॅजेट यांच्या बी-मातीच्या कोड्याचा एक धागा हाती आला. १९८७ साली कॅनडात जेम्स डेनिस आणि सहकाऱ्यांनी राजम्यातल्या लेक्टिनच्या साहाय्याने दाखवले होते की पसरण्याची ताकद असलेल्या कर्कपेशींच्या पृष्ठभागावरच्या शर्करासाखळ्यांना जादा फाटे फुटलेले असतात. ॲक्ट्रेकमध्ये डॉ. राजीव कलरैया आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उंदरांमधल्या त्वचेच्या कर्करोगाच्या, म्हणजे मेलॅनोमाच्या, पेशी घेऊन पुढचा प्रश्न विचारला. या पेशी फुप्फुसातच का रुजतात? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आणि त्यानंतरच्या त्यांच्या कामातून दिसले की या फाट्यांवरच्या विशिष्ट शर्करा फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरील लेक्टिन ओळखते. हे लेक्टिन वनस्पतीचे नव्हे, प्राण्याच्या शरीरातलेच आहे. गॅलेक्टिन-३ असे त्याचे नाव. बियांतली प्रथिने वापरून जे वाचायला आपण शिकलो, तेच वाचन शरीर स्वतः आधीपासून करीत होते. बी माती ओळखते ते असे, निदान या एका उदाहरणात तरी.

भारतात लेक्टिनवर आणखीही महत्त्वाचे काम झाले आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन, अवधेश सुरोलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुईमुगाच्या लेक्टिनची त्रिमितीय रचना १९९४ साली आणि फणसाच्या आठळीतल्या लेक्टिनची १९९६ साली उलगडली. सामान्य पेशींत झाकलेली आणि अनेक कर्कपेशींत उघडी पडलेली एक द्विशर्करा ही दोन्ही लेक्टिने ओळखतात. बर्गर यांची झाकलेल्या जागांची कल्पना त्यांच्या प्रयोगापुरती चुकली होती, पण दुसऱ्या एका ठिकाणी ती खरी निघाली!

शत्रू नव्हे, पत्ता

मारिमास्टॅटच्या अपयशानंतर पृष्ठभागावरच्या प्रथिनांकडे पाहण्याची आणखी एक रीत पुढे आली. प्रथिनाचे काम बंद पाडण्याऐवजी ते प्रथिन पत्ता म्हणून वापरायचे.

पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, कर्कपेशींवर पीएसएमए नावाचे एक प्रथिन मोठ्या प्रमाणात असते. ते मुळात विकर आहे. लहान आतड्यात ते अन्नातल्या फोलेटची शेपटी छाटते, जेणेकरून फोलेट शोषले जावे. त्याच्या क्रियेच्या खाचेत नेमका बसेल असा रेणू तयार करून त्याला ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडले की किरणोत्सर्ग थेट त्या पेशींपर्यंत पोचतो. ल्युटेशियम-१७७चा अर्धायुकाल सुमारे साडेसहा दिवसांचा. तो तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ध्रुव अणुभट्टीत तयार केला जातो आणि परळच्या किरणोत्सर्ग वैद्यक केंद्रात रुग्णांसाठी वापरला जातो.

दुसरे उदाहरण तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे, जो तंबाखूमुळे आपल्या गावागावांत पोचला आहे. या रोगाच्या बहुतेक गाठींत कोहेन यांचा ग्राही प्रमाणाबाहेर असतो. त्याला चिकटणारे निमोटुझुमॅब हे प्रतिपिंड मूळ क्यूबाचे, भारतात ते २००६ साली आले. टाटा स्मारक रुग्णालयात ५३६ रुग्णांवर झालेली त्याची चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या किरणोपचार-रसायनोपचारासोबत ते दिल्यावर दोन वर्षांनंतर रोग न वाढता राहिलेल्यांचे प्रमाण ५०.४ टक्क्यांवरून ६१.८ टक्क्यांवर गेले. एकूण आयुर्मानातला फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेसा उतरला नाही. असे निकाल आहेत तसे सांगणे हेही विज्ञानाच्या शिक्षणात मोडते.

याच रुग्णालयातली दुसरी चाचणी अधिक बोलकी आहे. आपल्या रक्षकपेशींच्या पृष्ठभागावर पीडी-१ नावाचे प्रथिन असते. ते म्हणजे त्यांना थोपवणारा लगाम. कर्कपेशी तो लगाम ओढून रक्षकपेशींना गप्प बसवतात. तासुकू होंजो यांनी १९९२ साली हे प्रथिन शोधले आणि २०१८ साली त्यांना जेम्स ॲलिसन यांच्यासमवेत नोबेल मिळाले. लगाम सोडवणारे निव्होलुमॅब हे औषध अतिशय महाग आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी विचारले, एवढी मोठी मात्रा खरोखर लागते का? नेहमीच्या २४० मिलिग्रॅमऐवजी दर तीन आठवड्यांना केवळ २० मिलिग्रॅम औषध, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने, १५१ रुग्णांच्या चाचणीतल्या एका गटाला दिले गेले. रोग पुढच्या टप्प्यात गेलेल्या या रुग्णांपैकी केवळ गोळ्या घेणाऱ्या गटात वर्षभरानंतर १६.३ टक्के हयात होते, औषधाच्या गटात ४३.४ टक्के. ग्राहीवरच्या जागा भरायला किती रेणू पुरतात, हा प्रयोगशाळेतला प्रश्न इथे घरच्या ताळेबंदाचा प्रश्न झाला आहे.

तिसरे उदाहरण नेक्सकार-१९ या उपचाराचे. काही रक्तकर्करोगांत बिघडलेल्या ब-लसिका पेशींवर सीडी-१९ हे प्रथिन असते. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, जनुकीय बदलाने त्यांच्या पृष्ठभागावर सीडी-१९ ओळखणारा कृत्रिम ग्राही बसवून, त्या परत शरीरात सोडल्या जातात. मुंबईच्या आयआयटीतील राहुल पुरवार यांचा गट आणि टाटा स्मारक केंद्रातले डॉक्टर यांनी मिळून हा उपचार विकसित केला. ४ जून २०२१ रोजी भारतातला पहिला असा उपचार ॲक्ट्रेकमध्ये झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो देशाला अर्पण झाला. तपासता आलेल्या रुग्णांपैकी ७३ टक्के जणांना त्याचा प्रतिसाद मिळाला. सीडी-१९ निरोगी ब-पेशींवरही असते, त्यामुळे त्याही मारल्या जातात आणि संसर्गाचा धोका वाढतो. पत्ता बरोबर असला तरी त्या घरात निरपराध माणसेही राहतात, ही या पद्धतीची मर्यादा आहे. किंमत परदेशातल्या अशा उपचाराच्या सुमारे एक दशांश असली तरी ती लाखांच्या दोन आकडी संख्येत जाते. जालन्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा आकडाही पेलणारा नाही.

वर्गात काय करता येईल?

विकरे जाळे कसे तोडतात हे दाखवण्यासाठी एक साधा प्रयोग आहे. बेकरीच्या सामानाच्या दुकानात जिलेटिन मिळते. जिलेटिन म्हणजे उकळून मोकळे केलेले कोलॅजेनच. पाकिटावर नीट वाचून घ्यावे, कारण बाजारातल्या शाकाहारी जेली समुद्री शेवाळाच्या असतात आणि त्यांवर हा प्रयोग होत नाही. जिलेटिन गरम पाण्यात विरघळवून तीन वाट्यांत ओतावे व थंड करून घट्ट होऊ द्यावे. एका वाटीवर कच्च्या पपईचा ताजा रस, दुसरीवर तोच रस उकळून थंड केलेला, तिसरीवर नुसते पाणी घालावे. काही तासांत पहिल्या वाटीत खळगा पडलेला दिसेल. पपईतले पपेन हे विकर प्रथिन तोडते, उकळल्यावर ते निकामी होते. ऑब यांनी लायपेज तापवून जी तपासणी केली तीच ही. उन्हाळ्यात जिलेटिन उष्णतेनेच वितळते, म्हणून प्रयोग थंडीत करावा. नुसत्या पाण्याची वाटी का ठेवायची हेही त्यावरून मुलांना कळेल. पपईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

प्रयोगानंतर एक गोष्ट स्पष्ट करावी. कुंपण मोडण्यापूर्वी, गाठ एका जागी असताना, उपचार सर्वांत सोपा, स्वस्त आणि परिणामकारक असतो. तोंडात दोन-तीन आठवड्यांत बरी न होणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड उघडायला होणारा त्रास यांची तपासणी लगेच करून घ्यावी. जालन्याहून सर्वांत जवळची मोठी सोय छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात आहे. आणि तंबाखूची पुडी हातातच न घेण्याला तर काहीच खर्च येत नाही. मारिमास्टॅटचा फसलेला प्रयोग, २० मिलिग्रॅमची चाचणी आणि वाटीतला खळगा या तिन्हींमधून विद्यार्थ्यांना हे एकच सूत्र सापडले, तर पेशीच्या वेशीचा हा इतिहास शिकवल्याचे सार्थक होईल.